बियाण्याच्या वालाची ओळ

आमच्या इमारतीला लागून एक प्लॉट बरीच वर्षं मोकळा होता. पनवेलजवळच्या करंजाड्यात अशा प्लॉटांचं आयुष्य ठरलेलं असतं. आधी त्यावर बांधकामाचं राबिट पडतं, मग गवत माजतं, मग चहूबाजूंनी पत्रे लागतात आणि दोन-तीन वर्षांत तिथे कुणाच्या तरी बाल्कनीत कपडे वाळत असतात. आमचा प्लॉट गवतापर्यंत येऊन थांबला होता. मालक आमच्या चेअरमनच्या ओळखीचा निघाला. बांधकाम सुरू होईपर्यंत वापरा, असं तो तोंडी बोलला आणि सोसायटीच्या सभेत भाजीची सामायिक बाग करायचं ठरलं.

बाग कोण बघणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "काकूंना वेळ असतो," असं कुणीतरी म्हणालं. एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी करून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला वेळ असतो हे दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला अजिबात खपत नव्हतं. रागाच्या भरात मी हो म्हणून बसले. माझे बहुतेक निर्णय मी रागाच्या भरातच घेतले आहेत, लग्नसुद्धा.

पहिला हंगाम म्हणजे नुसता गोंधळ होता. मी वेळापत्रक केलं. कुठल्या मजल्याने कुठल्या वारी पाणी घालायचं, कुणी गवत काढायचं, सगळं आखून दिलं. लोकांनी गवत काढलं नाही, पण पाणी मात्र भक्तिभावाने घातलं. ज्याची पाळी नाही तोही संध्याकाळी फिरायला उतरला की पाइप हातात घ्यायचा. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर सकाळी देवपूजा झाल्यावर तांब्या घेऊन यायचे. मेथी सडली. मुळे आले ते करंगळीएवढे, तेही घरटी तीन वाटताना दोन बायकांचं कायमचं बोलणं बंद झालं.

अशाच एका सकाळी रस्त्याच्या कडेला एक म्हातारी काठी टेकून उभी दिसली. गावातल्या पद्धतीचं घट्ट नेसलेलं लुगडं, हातात सोन्याच्या जाड पाटल्या, गळ्यात तसलीच जाड माळ. ती आमच्याकडे बघून चक्क हसत होती.

"बाय, पानी कवरा मारतंव? भाजी हाय का म्हैस हाय?"

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. खरं तर कुणीतरी मला हे म्हणावं याची मी दोन महिने वाट बघत होते.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. ती करंजाडे गावातलीच. तिचं घर मी नंतर पाहिलं. चार मजली बंगला, आत लिफ्ट, दारात दोन मोठ्या गाड्या. मुलांचा रेती-सिमेंटचा आणि जमिनींचा धंदा. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेले, वीतभर माती कुठे मोकळी नाही. तुळससुद्धा फायबरच्या वृंदावनात. माती पायाला लागून घरात येते म्हणून सुनांनीच तसं करून घेतलं होतं, आणि त्यात सुनांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माझ्या घरात कुणी चिखलाचे पाय घेऊन आलं तर मीही आरडाओरडा करते. पण मावशीला हात घालायला माती हवी होती आणि ती आता आमच्या प्लॉटवर होती.

एकदा मी तिला विचारलं, "तुमचं शेत कुठे होतं हो?" तिने खुरप्याच्या टोकाने सिग्नलकडून मोबाइलच्या टॉवरपर्यंत एक रेघ हवेत ओढली आणि म्हणाली, "त्यो सगला." मग पुन्हा खाली वाकून गवत काढायला लागली. तिच्या आवाजात दुःखबिख काही नव्हतं.

तिने आम्हाला बाग शिकवली असं म्हणायला हरकत नाही. वेळापत्रक मी केलेलं होतं, पण ते चालायला लागलं ते तिच्या धाकाने. दुसऱ्या वर्षी मुळे मनगटाएवढे आले आणि घरटी एक जुडी लाल माठ आठवड्याला मिळू लागला. बाजारातून भाजी न आणता आठवडा काढला, असं लोक ग्रुपवर फोटोसकट टाकू लागले. मी वरवर नाक मुरडायचे, पण फोटो सगळे जपून ठेवायचे.

दिवाळी झाल्यावर, गावाकडची भातं कापून होतात त्या सुमाराला, एका सकाळी ती पदराखाली एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात राख होती आणि राखेत वाल. साधारण दोन मुठी. तिने एक दाणा पुसून माझ्या तळहातावर ठेवला. बाजारातल्या वालापेक्षा तो लहान होता, तांबूस, आणि एका कडेला पांढरी रेघ.

हा वाल तिला तिच्या सासूने दिला होता. त्यांच्या घरात तशी पद्धत होती. नवी सून पहिल्या हंगामात शेतावर आली की सासू बियाण्याचा डबा तिच्या हातात द्यायची आणि तिथून पुढे ते बी राखणं हे तिचं काम. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच हा वाल यायचा, वरून थेंब पाणी नको. जमीन गेल्यावरही मावशी दर वर्षी कुठे ना कुठे मूठभर पेरत राहिली; कधी मैदानाच्या कडेला, कधी गटाराच्या बाजूला. तीन वर्षांपूर्वी गटाराचं काम निघालं आणि तीही जागा गेली. तेव्हापासून बी डब्यातच पडून होतं आणि त्याला आता भुंगा लागला होता.

"सुनांना नाही दिलंत?" मी विचारलं.

"मागितला नाय कुनी. मागितला का द्यायचा." मग डब्यातली राख सारखी करत म्हणाली, "पन बाय, आमचे घरान वालाचा बी नाय, असा कदी झाला नाय. माज्या हातान नको व्हाया."

थोडं राखून ठेवा, सगळं पेरू नका, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, ठेवून काय करू, पुढच्या वर्षी यातला एक दाणा रुजायचा नाही. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते सगळं पेरलं. कुंपणाकडची एक ओळ त्यासाठी सोडली. शेजारच्या मोठ्या वाफ्यात दुकानातून आणलेला वाल लावला, तो सगळ्यांना खायला. मावशीच्या ओळीतली एकही शेंग खायची नव्हती. सगळी झाडावरच वाळू द्यायची, पुढच्या बियाण्यासाठी.

चौदा रोपं आली. मी रोज सकाळी मोजायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना तांब्या घेऊन त्या ओळीकडे जाताना दोनदा पकडलं आणि दुसऱ्या वेळी असं बोलले की त्यांच्या पत्नीने माझी माफी मागितली. चौदाही जगली. डिसेंबरात फुलं आली, मग शेंगा धरल्या. शेंगांच्या कडेला जांभळट झाक होती आणि बोटाने चुरडलं की उग्र, गोडसर वास यायचा.

शेंगा धरल्यावर मावशीने आपलं एक जुनं लुगडं आणून फाडलं आणि प्रत्येक झाडाला एक एक चिंधी बांधली. त्यांच्या गावात ही खूण सगळ्यांना ठाऊक. चिंधी बांधलेल्या झाडाला कुणी हात लावत नाही, वाटेने जाणारा परका माणूसही नाही, कारण ते बियाण्याचं. त्याला राखण लागत नाही की पाटी लागत नाही. मावशीने बांधली आणि ती निर्धास्त झाली. आमच्या सोसायटीत त्या चिंध्यांचा अर्थ फक्त मला माहीत होता. चार लोकांत तो सांगून टाकावा असं माझ्या मनात आलंच नाही. चिंध्या आहेत ना, मग झालं, असं मीही तिच्यासारखंच धरून चालले.

जानेवारीत आमच्या भागात सोसायट्यांच्या बागांची स्पर्धा जाहीर झाली. आमच्या लोकांच्या अंगात वारं भरलं. दगडांना चुना लागला, पाइपाची गुंडाळी झाली. पाट्या करायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथे माझ्यातला कारकून जागा झाला. प्रत्येक वाफ्यासाठी एकसारखी पाटी, वळणदार अक्षर, वरून प्लॅस्टिकचं आवरण. मुळा. माठ. मेथी. वाल. वालाच्या दोन पाट्या केल्या, एक मोठ्या वाफ्याला आणि एक मावशीच्या ओळीला. दोन्हींवर 'वाल' एवढंच लिहिलं. 'बियाण्यासाठी' हा शब्द पाटीवर मावत नव्हता असं नाही. तो मला सुचला नाही.

परीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी समितीतला एक मुलगा, म्हणजे चाळिशीचा माणूस, पण मला मुलगाच, म्हणाला, "काकू, ती फडकी काढायची का? बाकी सगळं मस्त दिसतंय, तेवढंच जरा गबाळं वाटतं." मी कुणाचंही सहसा ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. मलाही ती फडकी फोटोत खुपत होती हे खरं कारण. मी स्वतः बसून चौदाही गाठी सोडल्या, चिंध्यांची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. परवा सकाळी परत बांधू, असं मनाशी म्हटलं.

परीक्षक शनिवारी येऊन गेले. रात्री जेवायच्या वेळेला ग्रुपवर आलं की आपला दुसरा नंबर. लोकांनी एवढ्या टाळ्या पाठवल्या की माझा फोन गरम झाला. त्यातच कुणीतरी लिहिलं, उद्या रविवार, पोपटी करूया, आपल्याच बागेतल्या वालाची! पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे थंडीत तो मोठाच कार्यक्रम असतो. गावातली पोपटी अंधार पडल्यावर होते, पण सोमवारी पोरांची शाळा म्हणून आमच्या लोकांनी सकाळी अकराची वेळ ठरवली.

अडचण पाल्याची होती. करंजाड्यात भांबुर्डी उगवायला जागाच उरलेली नाही. मी मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, आपटा गावात नदीच्या बाजूला बांधावर मिळेल. तेव्हा रविवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षा करून आपट्याला गेलो. निघताना चिंध्या पर्समध्येच होत्या. आल्यावर बांधते, म्हटलं. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

आपट्याला मावशी फार खुशीत होती. बांधावर बसून तिने पाला खुडला, मधेच मला वास घ्यायला लावला, आपल्या लहानपणची काहीबाही गंमत सांगितली. परतताना रिक्षात पाल्याचं गाठोडं मांडीवर घेऊन ती म्हणाली की अजून वीस दिवसांनी तिच्या शेंगा वाळतील, मग ती दाणे काढून अर्धे मला देणार. "तुमी मागितला नाय," ती म्हणाली, "पन तुमाला देनार." एवढं भरून आलं होतं की मी उगाच रिक्षावाल्याला खड्ड्यांवरून झापलं.

आम्ही पोचलो तेव्हा प्लॉटवर जत्रा होती. सतरंज्या, गाणी, पोरं. शेंगा खुडून झाल्या होत्या. दोन मोठ्या पातेल्यांत धुऊन ठेवलेल्या. मडक्यापाशी मावशीला मानाने बसवलं. तिने पाल्याचा थर दिला, मीठ-ओवा भुरभुरला आणि शेंगा घ्यायला पातेल्यात हात घातला. हात तसाच आत राहिला.

मी कुंपणाकडे बघितलं. ओळ नव्हती. मोठ्या वाफ्यातल्या शेंगा कमी पडल्या म्हणून लोकांनी पाटी वाचून तिथल्याही काढल्या होत्या, आणि खुडत बसण्यापेक्षा सोपं म्हणून झाडंच उपटली होती. चौदाही एका बाजूला नीट रचून ठेवली होती. माझी 'वाल'ची पाटी तेवढी जागेवर उभी होती.

मावशीने एक जांभळट कडेची शेंग उचलली, नखाने उकलली आणि दाणा दाबला. हिरवा, मऊ. दाबताच पाणी निघालं.

"कवला हाय," ती मला हळूच म्हणाली. "रुजाचा नाय."

मी म्हटलं, आपण त्या निवडून बाजूला काढू, वाळवून बघू, कुणाला तरी विचारू. मी काय बडबडत होते मलाच कळत नव्हतं. तिने मान हलवली. मग तिने शेंगांची ओंजळ भरली आणि मडक्यात घातली. पुन्हा पाला, पुन्हा शेंगा. तिचा हात कुठेही थांबला नाही. आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही. त्यांचं काही चुकलंही नव्हतं. पाटी मीच लावली होती. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पोपटी छान झाली. मडकं उघडल्यावर जो वास आला त्याने रस्त्यावरची माणसंही थांबली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ एक शेंग वर धरून म्हणाले, "यातल्या काही शेंगांची चव काही औरच आहे हं! कुठली व्हरायटी ही?" मीही खाल्ल्या. मावशीने माझ्या पानावर वाढल्या, तिला नाही कसं म्हणणार? चव अप्रतिम होती. हे लिहायची लाज वाटते, पण होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती चौदा झाडं परत लावली. मुळं झाकली, माती दाबली, सावलीसाठी जुनी चादर बांधली. एरवी पाण्यावरून जगाला धारेवर धरणारी मी, त्यांना तांब्याने पाणी घातलं. दोन दिवसांत सगळी माना टाकून पडली. शेंडे कुरकुरीत झाले तरी मी आणखी आठवडाभर रोज जाऊन बसायचे.

मावशी यायची थांबली. गुडघा दुखतो, असा घरून निरोप आला. मी हा वाल कुठे मिळतो का ते शोधायला लागले. पनवेलच्या बाजारात विचारलं. आपट्याला पुन्हा गेले, घरोघर. मावशीचं माहेर उरणच्या बाजूचं, म्हणून द्रोणागिरीच्या पलीकडे तिच्या भाच्याकडेही जाऊन आले. त्याच्या शेतावर आता कंटेनर उभे असतात. त्याने अगत्याने थंड पेय दिलं आणि म्हणाला, "आमी आता वाल इकतच आनतो, ताई. आत्याकडंच असंल तर असंल." सगळीकडे हेच. ज्याला विचारावं तो तिच्याकडेच बोट दाखवायचा.

महिन्याने मी तिच्या घरी गेले. ती पेव्हर ब्लॉकवर खुर्ची टाकून बसली होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं की पोरांनी नाही, वाऱ्याने नाही, चिंध्या मी सोडल्या होत्या, फोटोत वाईट दिसत होत्या म्हणून. आणि कुणाला काही सांगितलंही नव्हतं. बोलताना मला रडू आलं. माझं रडणंही नेहमीसारखं चिडकंच.

मावशीने मला बसायची खूण केली.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी शनवारीच बगितला. चिंद्या नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? परत बांधल्या असत्या ना तुम्ही!"

"मना वाटला, बायनं सोडल्यान. म्हंजे आता बाय राखील."

एवढं म्हणून ती उठली आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितला. मी नको म्हणू शकले नाही. सुनेने दोन कप आणले, बरोबर बिस्किटं. आम्ही दोघी तिथेच बसून चहा प्यायलो. मला तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.